जीए४ मध्ये ६१ टक्के 'डायरेक्ट': ही माणसं नक्की येतात कुठनं?

पायताण_लाईन

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात भवानी मंडपाजवळच्या एका चपलांच्या दुकानाची वेबसाईट बघतो. साईट वर्डप्रेसवर, ऑर्डरींसाठी त्यातलं वूकॉमर्स, आणि कोण कुठनं आलं ते मोजायला जीए४ (गुगल ॲनालिटिक्स ४) जोडलेलं आहे. जाहिरात पाच वाटांनी चालते: इन्स्टाग्रामवर पैसे भरून, इन्स्टाच्या बायोमधली लिंक, व्हॉट्सअ‍ॅप ब्रॉडकास्ट आणि स्टेटस, गुगल मॅपवरचं लिस्टिंग, आणि महाद्वार रोडला वाटलेली क्यूआरवाली पॅम्प्लेट.

गेल्या महिन्याचे आकडे, १०० सेशनमागं (साईटच्या भेटींमागं): डायरेक्ट ६१, ऑरगॅनिक सर्च (जाहिरातीशिवाय सर्चमधनं) १४, ऑरगॅनिक सोशल (जाहिरातीशिवाय सोशल साईटवरनं) ९, अनअसाइन्ड (कुठल्याच गटात न बसलेले) ९, रेफरल (दुसऱ्या साईटवरच्या लिंकवरनं) ७. पेड सोशल (सोशल साईटवरच्या पैशाच्या जाहिरातीतनं) शून्य! पैसे तर दर आठवड्याला कापले जातात. रेफरल उघडून बघितलं तर जवळपास सगळं पेमेंट गेटवेचं नाव, आणि निम्म्या ऑर्डरी त्याच्याच खात्यावर. गेटवे आम्हाला गिऱ्हाईक पाठवायला लागलंय का काय?

वर जाहिरात सांभाळणारे एजन्सीवाले म्हणतात महिन्यात ३८ ऑर्डरी इन्स्टाच्या. जीए४ म्हणतंय ६. नवरात्राची पॅम्प्लेट छापायला टाकायच्या आधी हे सरळ करायचं आहे. कुठनं सुरुवात करू?

रंकाळा_डेटा

'डायरेक्ट' या नावानंच निम्मा घोळ केलाय. वाचणाऱ्याला वाटतं, लोक दुकानाचं नाव टाईप करून येतात. तसे येणारे मूठभर असतात. डायरेक्टचा खरा अर्थ 'कुठून आला ते कळालं नाही' एवढाच.

एका साईटवरून दुसरीकडं जाताना ब्राउझर मागच्या साईटचा पत्ता सोबत नेतो, त्याला रेफरर म्हणतात. जीए४ आधी लिंकला लावलेली खूण बघतं, ती नसेल तर रेफरर बघतं. दोन्ही नसेल तर मागच्या भेटीत याच ब्राउझरमध्ये काही माग होता का ते तपासतं, आणि तोही नसेल तर डायरेक्ट. म्हणजे तुमच्या ६१ जणांचा मागचा-पुढचा कुठलाच माग लागलेला नाही.

रेफरर कुठं गळतो? व्हॉट्सअ‍ॅपमधल्या लिंकवर बोट ठेवलं की गळतो, कारण ते ॲप आहे, वेबपान नव्हे. क्यूआर स्कॅन केला, पीडीएफ कॅटलॉगमधली लिंक दाबली, एसएमएसमधनं आला, फोनमधल्या मेल ॲपमधनं आला, तरी तेच. एचटीटीपीएस असलेल्या पानावरून साध्या एचटीटीपी पत्त्यावर उडी मारली तरीही गळतो. आणि जिथं टिकतो तिथंही आता पूर्ण पत्ता मिळत नाही. क्रोमनं २०२० मध्ये नियम बदलला, तेव्हापासून दुसऱ्या साईटला फक्त डोमेन कळतं, आतलं पान कळत नाही.

तुमच्या पाच वाटांपैकी ब्रॉडकास्ट, स्टेटस आणि पॅम्प्लेट या मुळातच मुक्या आहेत. कोल्हापुरातल्या दुकानाचा गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर असतो, त्यामुळं ६१ बघून मला तरी नवल वाटत नाही. रिपोर्टमध्ये बसून हे दुरुस्त होत नाही. लिंक आपल्या हातातनं सुटायच्या आधी तिला खूण लावायची, तीच यूटीएम. नाव 'अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल'चं आहे. अर्चिन ही कंपनी गुगलनं २००५ मध्ये घेतली आणि तिच्यातनंच गुगल ॲनालिटिक्स उभं राहिलं.

नेहमी लागतात त्या तीन खुणा: सोर्स (कुठल्या जागेवरून), मीडियम (कुठल्या प्रकारानं), कॅम्पेन (कशासाठी). कंटेंट ही चौथी, एकाच कॅम्पेनमधल्या दोन जाहिराती वेगळ्या ओळखायला. टर्म तुम्हाला लागणार नाही. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, मग पहिली खूण, पुढच्या प्रत्येक खुणेआधी 'अँड'चं चिन्ह. पत्त्यात आधीच एक प्रश्नचिन्ह असेल तर दुसरं घालायचं नाही, थेट 'अँड'नं जोडायचं. ही चूक लई जण करतात.

उद्यमनगरकर

गेटवेचं आधी उरकून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

जीए४ मध्ये ॲडमिन, डेटा स्ट्रीम्स, तुमची वेब स्ट्रीम, कॉन्फिगर टॅग सेटिंग्ज, शो ऑल, लिस्ट अनवॉन्टेड रेफरल्स. तिथं गेटवेचं डोमेन टाका. अट 'कंटेन्स' ठेवा, म्हणजे गेटवेच्या आतल्या वेगवेगळ्या सबडोमेनना वेगळ्या ओळी लागत नाहीत. बँकेच्या ओटीपी पानांची डोमेनं रेफरलमध्ये दिसत असतील तर तीही टाका. एका स्ट्रीमला ५० पर्यंत चालतात.

होतं काय, गिऱ्हाईक पैसे भरायला गेटवेच्या पानावर जातं आणि परत येताना त्याच पानाचा रेफरर घेऊन येतं. जीए४ ला वाटतं नवा पाहुणा आला, आणि ऑर्डरीचं श्रेय गेटवेला. यादीत टाकल्यावर तो रेफरर सोडून दिला जातो. मागचा डेटा मात्र सुधारत नाही, आजपासून पुढंच.

आता यूपीआयची भानगड. गिऱ्हाईक यूपीआय ॲपमध्ये जातं, पैसे भरतं आणि तिथनंच फोन खिशात घालतं. 'धन्यवाद'चं पान उघडलंच नाही तर परचेसची नोंद जीए४ ला जात नाही. म्हणून जीए४ मधल्या ऑर्डरी कायम खऱ्यापेक्षा कमी. ऑर्डरींची मोजणी वूकॉमर्सच्या यादीतनंच करायची, जीए४ फक्त वाट्याचं प्रमाण बघायला.

आणि वूकॉमर्समध्येच एक सोय पडून आहे. आवृत्ती ८.५ पासून, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, ऑर्डर ॲट्रिब्यूशन आत बसवलेलं आहे. सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, फीचर्समध्ये चालू आहे का बघा. ऑर्डरींच्या यादीत 'ओरिजिन' नावाचा रकाना येतो. प्रत्येक ऑर्डरीपुढं सोर्स लिहिलेला सापडतो, आणि धन्यवादचं पान उघडलं नाही तरी तो राहतो, कारण ऑर्डर नोंदतानाच जपून ठेवलेला असतो. तिथं 'अननोन' फार दिसायला लागलं तर कॅश किंवा स्पीडच्या प्लगइननं त्याची जावास्क्रिप्ट उशिरा चालवायला ठेवली असेल, तिला त्यातनं वगळा.

राजारामपुरी_८वी_गल्ली

यूटीएम सगळीकडं लावा. होमपेजवरच्या बॅनरलाही लावा, म्हणजे बॅनरवरनं किती ऑर्डरी आल्या ते कळतं.

रंकाळा_डेटा

@राजारामपुरी_८वी_गल्ली, हे मात्र नको दादा. यूटीएम फक्त बाहेरनं आत येणाऱ्या लिंकला. माणूस गुगलवरनं आला, आत बॅनर दाबला आणि बॅनरला 'सोर्स: होमपेज' लावलेलं असेल, तर ऑर्डरीचं श्रेय गुगलऐवजी तुमच्याच होमपेजला जाऊ शकतं. आपल्या घरच्या खोलीतनं पाहुणा आला म्हणायचं! बॅनर मोजायचाच तर त्याच्या क्लिकला वेगळा इव्हेंट लावा.

पायताण_लाईन

गेटवेचं डोमेन टाकलं, ओरिजिनचा रकाना चालू होताच, कुणी उघडून बघितलाच नव्हता. धन्यवाद.

आता खुणांची नावं काय ठेवू? आणि पेड सोशल शून्य का? एजन्सीच्या लिंका काढून बघितल्या. एकीला सोर्स 'इन्स्टाबूस्ट', मीडियम 'बूस्ट'. दुसरीला सोर्स 'इन्स्टाग्राम', मीडियम 'बूस्ट'. तिसरीला काहीच नाही.

रंकाळा_डेटा

उत्तर तुम्हीच शोधून काढलंय.

जीए४ प्रत्येक भेट ठरलेल्या नियमानं एका चॅनेलमध्ये टाकतं. पेड सोशलसाठी दोन अटी एकदम लागतात: सोर्स त्याच्या ओळखीच्या सोशल साईटच्या यादीत हवा, आणि मीडियमची सुरुवात 'पेड'नं व्हायला हवी, किंवा त्यात 'सीपी' हवं (सीपीसी, सीपीएम वगैरे), किंवा ते 'पीपीसी' किंवा 'रिटार्गेटिंग' हवं. 'बूस्ट' हा शब्द त्याच्या कोशात नाही.

पहिली लिंक: सोर्स अनोळखी, मीडियम अनोळखी, म्हणून अनअसाइन्ड. दुसरी: सोर्स ओळखीचा पण मीडियम पैशाचं नाही, म्हणून ऑरगॅनिक सोशल, म्हणजे पैसे मोजून आणलेला माणूस फुकटात आला असं दिसणार. तिसरी: रेफरर टिकला तर ऑरगॅनिक सोशल, गळला तर डायरेक्ट. तिन्ही वाटांनी पेड सोशल शून्यच येणार.

नावं अशी ठेवा (इथं देवनागरीत लिहितोय, प्रत्यक्षात सगळं लहान इंग्रजी अक्षरांत, शब्दांमध्ये मोकळी जागा न ठेवता खालची रेघ):

इन्स्टाची पैशाची जाहिरात: सोर्स इन्स्टाग्राम, मीडियम पेड_सोशल.
इन्स्टा बायो: सोर्स इन्स्टाग्राम, मीडियम सोशल, कंटेंट बायो.
ब्रॉडकास्ट: सोर्स व्हॉट्सअ‍ॅप, मीडियम सोशल, कंटेंट ब्रॉडकास्ट. स्टेटसला कंटेंट स्टेटस.
मॅपवरचं लिस्टिंग: सोर्स गुगल, मीडियम ऑरगॅनिक, कॅम्पेन मॅप_लिस्टिंग. हे लावलं नाही तर मॅपवरून आलेले आणि साध्या सर्चमधनं आलेले एकाच ढिगात पडतात. मीडियम ऑरगॅनिकच ठेवा, म्हणजे चॅनेल बदलत नाही आणि कॅम्पेनच्या नावावरून वेगळे काढता येतात.
पॅम्प्लेट: सोर्स पॅम्प्लेट_महाद्वार, मीडियम क्यूआर.

शेवटचं ठरलेल्या चॅनेलांत कुठंच बसत नाही, ते अनअसाइन्डमध्ये दिसणार. त्यानं बिचकू नका. ॲडमिन, डेटा डिस्प्ले, चॅनेल ग्रुप्समध्ये स्वतःचा गट बनवा, त्यात 'छापील' नावाचं चॅनेल, अट: मीडियम बरोबर क्यूआर. नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळला की तिथंच थांबतात, म्हणून तुमचं चॅनेल यादीत वर ओढून ठेवा. स्वतःचा गट मागच्या डेटालाही लागू होतो, ही त्यातली चांगली गोष्ट.

जीए४ ला मोठं आणि छोटं अक्षर वेगळं वाटतं. त्याहून मोठी डोकेदुखी आपल्या सणांची. नवरात्र, नवरात्री, नवरात्रोत्सव. दिवाळीत व्ही का डब्ल्यू. एकाच कॅम्पेनच्या चार ओळी होतात. एक शीट करा: तारीख, कुठं लावली, सोर्स, मीडियम, कॅम्पेन, कंटेंट, तयार लिंक. लिंक जोडणाऱ्या सूत्रात सगळं छोट्या अक्षरांत करणारं 'लोअर' घाला. नावं टाईप करायची नाहीत, ड्रॉपडाऊनमधनं निवडायची. एजन्सीलाही तीच शीट द्या आणि शीटबाहेरची लिंक चालणार नाही म्हणून सांगा.

कॅम्पेनचं नाव देवनागरीत टाकायचा मोह होतो. लिंक कॉपी केली की 'नवरात्र' या एका शब्दाची ६३ चिन्हं होतात: सात वर्ण, प्रत्येकाची टक्क्याच्या चिन्हासकट नऊ. व्हॉट्सअ‍ॅपवर ती लिंक बघून गिऱ्हाईकाला फसवणुकीचा मेसेज वाटेल. आणि खुणेत कुणाचा मोबाईल नंबर किंवा ईमेल कधीच घालू नका. गुगलच्या अटींत ते चालत नाही, आणि लिंक पुढं गेली की नंबरही गावभर.

शाहूपुरी_प्रिंट

पॅम्प्लेट छापायचं आहे म्हणून लिहितो. खुणांचं सगळं शेपूट लावलेली लांब लिंक थेट क्यूआरमध्ये कोंबू नका.

क्यूआर म्हणजे चौकड्यांची जाळी. मजकूर वाढला की चौकडे वाढतात. मधल्या दुरुस्ती-पातळीला (थोडा भाग खराब झाला तरी क्यूआर वाचता यावा म्हणून ठेवलेली सोय) २६ अक्षरांपर्यंतचा पत्ता २५ बाय २५ च्या जाळीत बसतो. १५० अक्षरांना ४९ बाय ४९ लागते. पॅम्प्लेटवर क्यूआर २ सेंटीमीटरचा धरला तर पहिल्यात एक चौकडा ०.८ मिलिमीटरचा, दुसऱ्यात ०.४. पातळ कागदावर शाई थोडी जरी पसरली की ०.४ चा चौकडा शेजारच्यात मिसळला. मग लोक फोन पुढं-मागं करत बसतात आणि पॅम्प्लेटची पुडी होते.

म्हणून साईटवरच एक छोटा पत्ता करा, डोमेनपुढं दोन-तीन अक्षरं. रिडायरेक्शनच्या प्लगइननं तो पूर्ण खुणावाल्या लिंककडं वळवा. वळवताना ३०२ (तात्पुरतं वळण) निवडा, ३०१ नको. ३०१ म्हणजे कायमचं, ब्राउझर ते लक्षात ठेवतो, उद्या दुसऱ्या पानावर वळवायचं म्हटलं तर जुन्या गिऱ्हाईकाचा फोन ऐकत नाही. छापलेला क्यूआर बदलता येत नाही, पण वळण कधीही बदलता येतं. फुकट 'डायनॅमिक क्यूआर' देणाऱ्या साईटवर हेच काम होतं, पण मुदत संपली की क्यूआर त्यांच्या पैसे भरायच्या पानावर जातो. स्वतःचं डोमेन असताना तो धोका कशाला?

बाकी: भोवती चार चौकड्यांएवढी पांढरी किनार सोडायचीच. नवरात्राला हळद-कुंकवाच्या रंगात डिझाईन येतं आणि लाल जमिनीवर पिवळा क्यूआर टाकतात. बऱ्याच फोनना तो उचलत नाही. गडद क्यूआर, फिकट जमीन, उलटं नाही. मध्ये लोगो टाकायचा तर दुरुस्तीची पातळी सगळ्यात वरची, ती ३० टक्क्यांपर्यंत नुकसान सोसते, पण जाळीही दाट होते. फ्लेक्ससाठी ढोबळ हिशोब: जेवढ्या अंतरावरून स्कॅन होणार त्याच्या एक दशांश. दोन मीटरवरून उभं राहून करायचा असेल तर २० सेंटीमीटर. केएमटीच्या स्टॉपवर चालतो, चालत्या रिक्षाच्या मागं क्यूआर लावून काही होत नाही. तिथं छोटा पत्ताच ठळक अक्षरांत लिहा.

महाद्वार रोड, बिंदू चौक, स्टँड अशा जागांना वेगवेगळे छोटे पत्ते द्या. छपाईला फक्त क्यूआरची जागा बदलते. मात्र गठ्ठे वेगळे बांधा आणि वाटणाऱ्या पोरांना नीट सांगा, नाहीतर बिंदू चौकातली पॅम्प्लेट स्टँडवर वाटून मोकळे होतील आणि तुम्ही रिपोर्टवर विश्वास ठेवून बसाल.

गूळपेठ

३८ आणि ६ बद्दल कुणी बोललं नाही.

दोघं वेगळी गोष्ट मोजतात. इन्स्टाची मालक कंपनी मेटा, तिच्या ॲड्स मॅनेजरमध्ये ऑर्डर जाहिरातीच्या खात्यावर धरायची नेहमीची मुदत असते क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसती जाहिरात दिसल्यानंतर १ दिवस. म्हणजे एकानं सकाळी जाहिरात बघितली, दाबली नाही, संध्याकाळी गुगलवर नाव शोधून कापशी चप्पल घेतली, तर मेटा ती आपली धरतं. जीए४ ला त्या बघण्याचा पत्ताच नाही, ते गुगल सर्चला देतं. दोघंही आपापल्या नियमानं बरोबर. पण दोघांची बेरीज करायची नाही. ॲड्स मॅनेजरमध्ये कॉलम्समधल्या 'कंपेअर ॲट्रिब्यूशन सेटिंग्ज'नं फक्त ७ दिवस क्लिकचा आकडा काढा. एजन्सीशी बोलताना तोच धरा. तुमचा ६ चा आकडाही खोटाच आहे, कारण निम्म्या ऑर्डरी गेटवेनं खाल्ल्या होत्या आणि उरलेल्यांतल्या काही अनअसाइन्डमध्ये पडल्या होत्या.

दुसरं कारण फोनमध्ये आहे. इन्स्टाची लिंक इन्स्टाच्या पोटातल्याच ब्राउझरमध्ये उघडते. त्याच्या कुकीज (माणूस ओळखायला ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा) वेगळ्या, क्रोमच्या वेगळ्या. माणूस तिथं चप्पल बघतो आणि रात्री क्रोम उघडून घेतो. जीए४ च्या लेखी हे दोन वेगळे लोक, दुसरा डायरेक्ट. आयफोनच्या सफारीत तर जावास्क्रिप्टनं ठेवलेली कुकी ७ दिवसांत जाते, आणि जाहिरातीची क्लिक-खूण घेऊन आलेल्यांची कधी २४ तासांतच. आठ दिवस घरात विचारून चप्पल घेणारा गिऱ्हाईक नवाच दिसणार. हे यूटीएमनं सुटत नाही.

जाहिरातीनं खरंच विक्री वाढते का ते बघायचा सरळ उपाय: जाहिरात काही शहरांत चालू, काहींत बंद. महिनाभर पुणे आणि मुंबईला दाखवा, नागपूरला बंद ठेवा. वूकॉमर्समधनं ऑर्डरी पिनकोडनं काढा (४११, ४००, ४४०) आणि त्या शहरांच्या आधीच्या महिन्याशी ताडून बघा. सणाच्या महिन्यात हे करू नका, सगळंच वाढतं. आणि सात-आठ ऑर्डरींच्या फरकावर निर्णय घेऊ नका, तेवढा फरक आपोआपही पडतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर चॅटमधनं ऑर्डरी घेता का? घेत असाल तर त्या कुठल्याच रिपोर्टमध्ये नाहीत. साईटवरच्या 'व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा' बटणाच्या लिंकमध्ये आधीच लिहिलेला मेसेज टाकता येतो. त्यात छोटा कोड घाला: 'नमस्कार, कापशी चप्पल हवी आहे (आय२)'. आय म्हणजे इन्स्टा, पी म्हणजे पॅम्प्लेट. पानावर आलेल्या यूटीएमवरून कोड बदलायची दहा-पंधरा ओळींची जावास्क्रिप्ट कुणीही लिहून देईल. फोनवर ऑर्डर घेणाऱ्याला मात्र तोंडानंच विचारायला लावा, 'कुठनं कळालं आमचं?' आणि वहीत एक रकाना.

ब्रॉडकास्टबद्दल एक: यादीत २५६ जण बसतात आणि मेसेज फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो. खूण लावल्यावर आकडा कमी दिसला तर आधी हे तपासा.

पायताण_लाईन

गूळपेठ, चॅटवरच्या ऑर्डरी आहेत, आणि साईटपेक्षा जास्त आहेत. कोड उद्याच करून घेतो.

दोन अडचणी. एक, ब्रॉडकास्टची लिंक लोक पुढं ढकलतात. मग ती भलत्याच ग्रुपमधनं आली तरी 'ब्रॉडकास्ट'च दिसणार ना? दोन, खुणावाली लिंक स्वतःच्या फोनवर उघडून बघितली. पान उघडतं, पण वरच्या पत्त्यातनं प्रश्नचिन्हापुढचं सगळं गायब! जीए४ च्या रिअलटाईममध्ये मी डायरेक्टच दिसतो.

रंकाळा_डेटा

पहिल्याला इलाज नाही, आणि तो तोटाही नाही. खूण ही लिंक कुठं जन्मली ते सांगते, फिरून कुठं गेली ते नाही. नुकसान वेगळ्या जागी होतं: इन्स्टाच्या जाहिरातीवरनं आलेला माणूस पत्ता कॉपी करून बायकोला पाठवतो, आणि तीही पेड सोशलमध्ये मोजली जाते. त्यासाठी वस्तूच्या पानावर 'शेअर करा' बटण द्या, त्याची लिंक सोर्स व्हॉट्सअ‍ॅप, कंटेंट शेअर_बटण. पान उघडल्यावर पत्त्यातलं शेपूट पुसून टाकणारी एक ओळही घालता येते, पण ती जीए४ चा टॅग (पानावरचा मोजणारा कोड) चालून गेल्यानंतरच चालली पाहिजे. आधी चालली तर टॅगला वाचायला काही उरत नाही.

आणि दुसरं नेमकं तेच आहे का, ते आधी बघा. तशी ओळ कुणी घातलेली नसेल तर रिडायरेक्टमध्ये गळतंय. इनकॉग्निटोमध्ये चार वेळा उघडा: एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, दोन्ही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याशिवाय. प्रत्येक वेळी शेपूट टिकतं का, लिहून ठेवा. इनकॉग्निटोच, कारण साधा ब्राउझर जुना ३०१ डोक्यात धरून बसतो.

पायताण_लाईन

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट एचटीटीपीएस: टिकतं. बाकी तिन्ही: जातं. शीटमधल्या सगळ्या लिंका डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवायच्या आहेत.

उद्यमनगरकर

मग अपाचेच्या (साईट चालवणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या) एचटीॲक्सेस फाईलमध्ये सापडेल. रिराईटरूलची ओळ बघा, जिथं सगळं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूकडं वळवलंय. नव्या पत्त्याच्या शेवटी नुसतं प्रश्नचिन्ह आहे का? किंवा शेवटच्या कंसात क्यूएसडी? अपाचे एरवी शेपूट आपणहून पुढं नेतं, पण शेवटी रिकामं प्रश्नचिन्ह दिसलं की जुनं कापून टाकतं. ते एक चिन्ह काढा. होस्टिंग एनजिनएक्सवर असेल तर वळणाच्या ओळीत 'यूआरआय'च्या जागी 'रिक्वेस्ट यूआरआय' हवं, नुसत्या यूआरआयमध्ये शेपूट धरलेलं नसतं. फाईलची प्रत काढून मगच हात लावा, एक अक्षर चुकलं तर साईट उघडायच्या जागी ५०० ची एरर दाखवते.

पायताण_लाईन

शेवटी प्रश्नचिन्ह होतंच. काढलं. चारही पत्त्यांवर शेपूट टिकलं, रिअलटाईममध्ये सोर्स व्हॉट्सअ‍ॅप दिसला. गुगल ॲड्स पण मागं सहा महिने चालवल्या होत्या, त्या पैशाचं काय झालं असेल?

रंकाळा_डेटा

ॲड्समध्ये दिलेला पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवायचा असेल तर गुगलची क्लिक-खूणही त्याच वळणावर कापली गेली असणार, आणि ते सगळे क्लिक 'गुगल / ऑरगॅनिक'मध्ये बसलेत. मागचं परत मिळत नाही. अंदाज घ्यायचा तर गुगलचं सर्च कन्सोल उघडा, तिथं १६ महिन्यांचे खऱ्या ऑरगॅनिक क्लिकचे आकडे मिळतात. त्या सहा महिन्यांत जीए४ चा गुगल ऑरगॅनिक त्याच्यापेक्षा बराच जास्त निघाला, तर वरचा भाग बहुतेक ॲड्सचा. जाता जाता जीए४ च्या ॲडमिनमधलं डेटा रिटेन्शन (डेटा जपून ठेवायची मुदत) २ महिन्यांवरून १४ वर न्या. मुळात २ वरच असतं, आणि पुढच्या नवरात्राला एक्सप्लोरेशनमध्ये या वर्षाशी ताडून बघायचं म्हटलं तर तेव्हा काही हाताला लागणार नाही.

शाहूपुरी_प्रिंट

पॅम्प्लेट छापखान्यात द्यायच्या आधी क्यूआर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकटच्या छोट्या पत्त्याचा करा, एक वळण वाचतं. आणि प्रूफ कागदावर काढून चार फोनवर स्कॅन करा, त्यातला एक तरी जुना, स्क्रीनला तडा गेलेला अँड्रॉईड असू द्या.